टर्बो गाडीचा ईसीयू अपग्रेड: मॅप निवडण्याआधी काय तपासायचं आणि मग कोणत्या क्रमाने पुढे जायचं

"भाऊ, स्टेज वन मारायचंय, कोणता मॅप घेऊ?" नांदेड असो, लातूर असो की परभणी, प्रश्न इथूनच सुरू होतो. मॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, म्हणजे ईसीयूतले, इंधन-दाब-ठिणगीचे आकडे. ते बदलणं म्हणजे रिमॅप, आणि हार्डवेअरला हात न लावता केलेला रिमॅप म्हणजे स्टेज वन. प्लग कधी बदलले, गावातल्या पंपावर कोणतं पेट्रोल मिळतं, गिअरबॉक्स किती टॉर्क (इंजिनची खेचण्याची ताकद) झेलतो, यातलं काहीच प्रश्नात नसतं. मग मॅप बसतो, पंधरा दिवस गाडी उडते, आणि एप्रिल लागला की चेक इंजिनचा दिवा पेटतो नाहीतर क्लच सरकायला लागतो. शिव्या मॅप बसवणाऱ्या ट्यूनरला बसतात. पण बऱ्याचदा चुकलेला असतो तो क्रम.

ईसीयू कोणता, हा या सगळ्यातला जवळपास शेवटचा निर्णय आहे. त्याआधी गाडी, इंधन आणि गिअरबॉक्स या तिघांनी आपापली मर्यादा सांगितलेली असते, आणि तिघांत जो कमजोर तोच तुमचा अपग्रेड ठरवतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी असेल तर नुसत्या रिमॅपने जाणवण्यासारखा फरक क्वचितच पडतो. ते पैसे टायर आणि ब्रेकवर घाला.

१. काय हवंय ते कागदावर लिहा

"पॉवर पाहिजे" हे ट्यूनरला काहीच सांगत नाही. "चार माणसं, एसी चालू, लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून निघताना चौथ्या गिअरमध्येच गाडी खेचली पाहिजे" हे बरंच काही सांगतं. पहिल्या वाक्यावर वरच्या आरपीएमचा मॅप बनतो, दुसऱ्यावर मधल्या आरपीएमचा. आपल्याकडच्या रस्त्यांवर दहापैकी नऊ जणांना दुसराच लागतो, मागतात मात्र पहिला.

अपेक्षाही तिथेच लिहा. हार्डवेअरला हात न लावता केलेल्या रिमॅपने टर्बो पेट्रोलमध्ये साधारण १५ ते २५ टक्के आणि टर्बो डिझेलमध्ये २० ते ३० टक्के वाढ मिळते. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय इंजिन कंपनीतून ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर देतं. ते १४० पीएसच्या आसपास नेणं शक्यतेतलं आहे. त्याच टर्बोवर कोणी १७० सांगत असेल तर तो डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा नाही, जाहिरातीचा आहे.

२. गाडीची तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॅप गाडीतला दोष झाकत नाही, तो मोठा करतो. स्टॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ मॅपवर, जी पाइपची गळती फक्त थोडा पिकअप खात होती, ती वाढीव बूस्टवर (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबावर) टर्बोला मर्यादेबाहेर फिरवते.

आधी स्कॅनर लावा. दिवा पेटलेला नसला तरी आत बिघाडाचे साठलेले आणि प्रलंबित कोड असू शकतात. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय, पी०२३४ म्हणजे जास्त होतोय, पी०३०० च्या घरातले कोड म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. कोड पुसून टाकून "आता क्लीन आहे" म्हणू नका. कारण शोधा, दुरुस्त करा, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा.

पेट्रोल गाडीत मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात स्वतःहून किती टक्के वाढ-घट करतोय ते, बघा. इंजिन गरम असताना लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आजूबाजूला, म्हणजे अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम. १० टक्क्यांच्या पुढे गेला असेल तर हवा कुठून तरी चोरून आत येतेय, इंजेक्टर घाण झालेत, इंधनाचा दाब कमी आहे किंवा एअरफ्लो सेन्सर खोटं बोलतोय. यातलं काहीही असलं तरी रिमॅप पुढे ढकला.

बूस्टची गळती शोधायला स्मोक टेस्ट करून घ्या. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) रबरी पाइप, क्लॅम्प आणि इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टोप्या या तीन जागी धूर निघतो. इंटरकूलरच्या टोपीच्या सांध्यावर तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसली तर मशीन लावायचीही गरज नाही. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलाच्या पातळ थरावर अशी बसते की गळतीची रेषाच आखून मिळते.

टर्बोचा शाफ्ट इनलेट पाइप काढून बोटाने हलवून बघा. आडवा अगदी किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे हलत असेल किंवा पाती टर्बोच्या आवरणाला घासल्याच्या खुणा असतील तर मॅपचा विषय संपला, टर्बोचा सुरू झाला.

प्लगवर पैसे वाचवू नका. वाढीव बूस्टवर जुना प्लग आधी मिस मारतो. नवे प्लग, आणि ट्यूनर सांगेल तर उष्णतेच्या रेटिंगमध्ये एक पायरी थंड. गॅप सहसा ०.६ ते ०.७ मिलिमीटर. इग्निशन कॉइलच्या रबरी टोपीवर बारीक तडे असतील तर त्याही बदला. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण तिथे व्हॉल्व्ह धुवून काढणारं पेट्रोल पडतच नाही. साठ-सत्तर हजार किलोमीटरच्या पुढच्या गाडीत बोरोस्कोप (बारीक कॅमेरा) घालून बघायला सांगा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा.

डिझेलवाल्यांसाठी वेगळी यादी: इंजेक्टरची रिटर्न लीक टेस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) मागितल्याइतकं मिळतंय का, ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती काजळी आहे, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यातला काजळीचा भार. शेतावर बॅरलमध्ये साठवलेलं ट्रॅक्टरचं डिझेल गाडीत घालायची सवय असेल तर ती आजपासून बंद. हजार-दीड हजार बारवर काम करणाऱ्या इंजेक्टरला त्यातलं पाणी आणि गाळ स्टॉकमध्येही सोसत नाही.

एअर फिल्टर कंपनीचा कागदी, नवा. इथे माझं मत ठाम आहे: तेल लावलेले कॉटन फिल्टर मराठवाड्याच्या धुळीसाठी नाहीत. मिळणारा फायदा नगण्य असतो आणि जास्त तेल लागलं तर एअरफ्लो सेन्सर घाण होतो.

पुढे जाण्याआधी बघा: एकही कोड नाही, ट्रिम ठीक, गळती नाही, प्लग-फिल्टर नवे, ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं आणि ताजं. आता स्टॉक मॅपवरच एक पूर्ण लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) काढून ठेवा. कसा काढायचा ते नवव्या टप्प्यात आहे. हा लॉग नसेल तर नंतर बिघाड मॅपने आणला की आधीपासून होता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

३. इंधन आणि उन्हाळा

मॅप इंधनासाठी बनतो. त्यामुळे ट्यूनरला विचारण्याआधी स्वतःला विचारा: मी वर्षभर कोणतं इंधन भरणार? शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांत निवडक पंपांवर मिळतं. तुमचा प्रवास हिंगोली, किनवट, भूम-परंड्याकडे होत असेल तर तिथे जे साधं पेट्रोल मिळतं त्यावरच मॅप बनवून घ्या. "पुण्यात गेलो की भरतो" यावर इंजिन चालत नाही. नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी फुटल्याचा ठोका ओळखणारा) आहे, तो सांभाळून घेईल, हा युक्तिवादही नको. तो अपघात टाळायला आहे, रोज त्याच्या जिवावर गाडी चालवायला नाही.

आता पंपावर येणारं पेट्रोल ई२० आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो आणि ते हवेला थंडही करतं, म्हणून नॉकिंगच्या बाजूने ई२० टर्बोला मदतच करतं. पण इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ भाग हवेला एक भाग इंधन, ई२० चं साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी जवळपास नऊ टक्के जास्त इंधन. त्यावर मॅपचं वाढीव बूस्ट, म्हणजे आणखी जास्त. स्टॉक पंप आणि इंजेक्टर एवढं पुरवतील का, हा प्रश्न ट्यूनरला थेट विचारा. शिवाय एप्रिल २०२३ आधीच्या गाडीत रबरी पाइप आणि सील ई२० साठी बनलेत का, हे मॅन्युअलमध्ये किंवा इंधनाच्या झाकणामागे बघा.

उन्हाळ्याचं गणित त्याहून कडक आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जाणं नवलाचं नाही. बाहेर ४३ असताना इंटरकूलर हवा ४३ च्या खाली आणूच शकत नाही. सिग्नलला उभं राहून निघालेल्या गाडीत इनटेकची हवा ६०-६५ वर गेलेली असते. हवा गरम म्हणजे विरळ, आणि नॉकिंगला आमंत्रण. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बनवलेला आक्रमक मॅप जालना रोडवर मेच्या दुपारी ठिणगीचं टायमिंग कापत बसतो आणि तुमचे वाढलेले २५ पीएस तिथेच विरतात. ट्यूनरला सांगा: इनटेक ६० अंशांवरही नॉक न होणारा मॅप हवा. डिसेंबरात चार पीएस कमी मिळाले तरी चालतील.

४. क्लच आणि गिअरबॉक्स

इंजिन किती देतं यापेक्षा मागचं किती झेलतं ते महत्त्वाचं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ टीएसआयसोबत येणारा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. आणि ते इंजिन कंपनीतूनच २५० देतं. म्हणजे रिमॅपचा पहिला न्यूटन मीटरही मर्यादेपलीकडचा. गाड्या अशा चालतात, बरेच लोक चालवतात, पण गर्दीत क्लच तापणं आणि लवकर झिजणं हा त्याचा खर्च आहे आणि तो तुमच्या खिशातून जाणार. १.० टीएसआय मॅन्युअलला तुलनेने जागा शिल्लक असते.

मॅन्युअल क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमला गाडी आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वेगाच्या पुढे पळाला, म्हणजे काटा चढला पण गाडी चढली नाही, तर क्लच स्टॉकवरच सरकतोय. आधी क्लच.

सावध: लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत १,५०० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतणारा मॅप चालवायला फार मजेशीर वाटतो. पण कमी आरपीएम आणि जास्त दाब या जोडीत ठिणगीआधीच मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि असा एक स्फोट पिस्टन फोडायला पुरतो. टॉर्क २,०००-२,२०० नंतर चढवायला सांगा, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं किंवा कंपनीने मंजूर केलेलं वापरा.

५. कायदा, विमा, वॉरंटी

हे पैसे देण्याआधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पीयूसीत गाडी पास झाली म्हणून बदल कायदेशीर ठरत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ काढून सॉफ्टवेअरमध्ये बंद करून देणारे भेटतील, त्यांच्या दारातूनच परत या.

विमा कंपनीला बदल लेखी कळवायचा असतो. न कळवता अपघात झाला तर दावा अडकण्याचं कारण तुम्हीच हातात देता. वॉरंटीबाबत भ्रमात राहू नका: आजकालचे बरेच ईसीयू किती वेळा फ्लॅश झालं (नवी फाइल लिहिली गेली) याची मोजणी ठेवतात, आणि स्टॉक फाइल परत टाकली तरी मोजणी मागे जात नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर माझा सल्ला थांबण्याचाच आहे.

६. तीन रस्ते: पिगीबॅक, रिमॅप, स्टँडअलोन

आता कुठे ईसीयूचा विषय येतो.

पिगीबॅक म्हणजे सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसणारी पेटी. ती बूस्टचा आकडा कमी करून सांगते, ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, तो वाढवतो. कनेक्टर लावले की काम झालं, काढले की गाडी मूळ पदावर. याच सोयीमुळे ती खपते. पण ईसीयू अंधारात राहतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून क्लच किती दाबायचा ते ठरवतो. पेटीमुळे तो आकडा खरा नसतो, क्लच कमी दाबला जातो आणि सरकतो. म्हणून ड्युअल क्लच गाडीला पिगीबॅक मी सुचवत नाही. मॅन्युअल गाडी, थोडी वाढ आणि नामांकित पेटी असेल तर विचार करता येतो. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या, ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) खोचायच्या "पॉवर चिप" मात्र फक्त दिवे लुकलुकवतात. तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर जोडून थंड हवेचं सोंग करणाऱ्या त्याहून वाईट.

रिमॅप म्हणजे मूळ ईसीयूतलंच कॅलिब्रेशन बदलणं. टॉर्कचा हिशेब, बूस्ट, टायमिंग, इंधन, तापमानाच्या सुरक्षा, सगळं एकाच ठिकाणी आणि एकमेकांशी जुळवून. स्टॉक टर्बो असलेल्या, रोज वापरायच्या गाडीला हाच रस्ता. अट एकच: तुमचा ईसीयू उघडता येतो का? काही ओबीडी पोर्टमधून वाचता-लिहिता येतात, काही काढून टेबलावर जोडावे लागतात, आणि बॉशच्या नव्या पिढीतले बरेच कुलूपबंद असतात. ईसीयूच्या लेबलचा फोटो आणि सॉफ्टवेअर नंबर ट्यूनरला आधी पाठवा. नुसतं मॉडेल आणि साल पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्ये ईसीयू बदललेले असतात.

स्टँडअलोन म्हणजे मूळ कॉम्प्युटर बाजूला ठेवून हॅलटेक, लिंक, मोटेक, मॅक्सईसीयू यांसारखा नवा बसवणं. मोठा टर्बो, बदललेले इंजेक्टर, ट्रॅकची किंवा ड्रॅगची गाडी असेल तर याला पर्याय नाही. पण नव्या गाडीत मीटर, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इमोबिलायझर, एसी हे सगळे एकमेकांशी कॅन नेटवर्कवर बोलत असतात. मूळ ईसीयू गप्प झाला की यातले अर्धे रुसतात. डायरेक्ट इंजेक्शनसाठी वेगळे उच्च व्होल्टेजचे ड्रायव्हर आणि हाय प्रेशर पंपाचं नियंत्रण लागतं, जे स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारख्या स्वस्त ईसीयूंत नाही. शिवाय यंत्राची किंमत ही सुरुवात. वायरिंग, सेन्सर, डायनोचे तास आणि पुढची ये-जा वेगळी. घरातली एकुलती एक गाडी असेल तर हा रस्ता धरू नका.

पुढे जाण्याआधी बघा: हार्डवेअर स्टॉक असेल तर रिमॅप, ईसीयू कुलूपबंद आणि गाडी मॅन्युअल असेल तर चांगला पिगीबॅक, टर्बो-इंजेक्टर बदलले असतील आणि गाडी रोजची नसेल तरच स्टँडअलोन.

७. ट्यूनर निवडणं

ट्यूनर ईसीयूपेक्षा महत्त्वाचा. आपल्याकडे काय चालतं? लॅपटॉप आणि नकली टूल घेऊन एक जण येतो, गाडीतली फाइल वाचतो, कुठेतरी मेल करतो, अर्ध्या तासात "स्टेज वन" परत येतो, तो टाकतो आणि पैसे घेऊन निघतो. फाइल कोणी बनवली, कोणत्या इंधनासाठी बनवली, त्यालाही माहीत नसतं. मित्राच्या गाडीची फाइल आपल्या गाडीत टाकणं तर दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवण्यासारखं आहे.

फोनवर हे विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका. माझ्या मूळ फाइलची प्रत मला देणार का? टाकण्याआधी आणि नंतर लॉग घेणार का? मॅप ई२० वर बनवलाय का? लॉगमध्ये नॉक दिसला तर फाइल सुधारून देणार का, किती वेळा, किती पैशांत? फ्लॅश बिघडला तर ईसीयू टेबलावर जोडून परत आणायची सोय आहे का? यातल्या मूळ फाइलच्या आणि लॉगच्या प्रश्नावर जो "त्याची गरज नाही" म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका, स्वस्त असला तरी. जो उलट तुम्हालाच विचारतो, "प्लग कधी बदलले, ऑइल कोणतं, पेट्रोल कोणतं", तो बहुधा कामाचा माणूस.

डायनोसाठी इकडचे लोक सहसा पुणे-मुंबई गाठतात. जात असाल तर एकाच दिवशी, एकाच डायनोवर, आधीचा आणि नंतरचा रन (पूर्ण थ्रॉटलची चाचणी) घ्या. आकडा चाकावरचा आहे की इंजिनचा, आणि कोणत्या प्रमाणावर दुरुस्त केलाय, हे विचारा. एसएई जे१३४९ हवा २५ अंशांची धरतं, डीआयएन ७००२० ती २० अंशांची. दोन वेगळ्या डायनोंच्या आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही, फरक बघा.

८. फ्लॅशचा दिवस

फ्लॅश होताना व्होल्टेज पडलं की ईसीयू अर्धवट लिहिला जातो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून बॅटरीला स्थिर सप्लाय लावलेला असलाच पाहिजे. इंजिन बंद, इग्निशन चालू, व्होल्टेज १३ च्या आसपास टिकलेलं. साधा चार्जर व्होल्टेज वरखाली करतो, तो चालत नाही. आणि भारनियमन असलेल्या भागात भिंतीच्या सॉकेटवर विसंबू नका, इन्व्हर्टर मागे हवा.

एसी, ब्लोअर, हेडलाइट, म्युझिक, डॅशकॅम सगळं बंद. फॅन गरगरायला नको म्हणून इंजिन आधी थोडं निवू द्या. लॅपटॉप चार्जरवर, त्याचे अपडेट आणि झोपी जाणं बंद. दार उघड-बंद करू नका, काही गाड्यांत त्यानेही मॉड्यूल जागे होतात.

आधी वाचन, मग मूळ फाइल दोन ठिकाणी जतन, मगच लेखन. ओबीडीवरून न वाचता येणाऱ्या ईसीयूत ट्यूनर सॉफ्टवेअर नंबरवरून मूळ फाइल मिळवतो; तसं असेल तर तो नंबर तुमच्या समोर जुळवून दाखवायला सांगा. लिहून झाल्यावर इग्निशन बंद, काही मिनिटं थांबणं, पुन्हा चालू, कोड पुसणं, मग इंजिन. आयडलला पाच मिनिटं ऐकत बसा.

सावध: फ्लॅश मध्येच अडकला तर घाबरून बॅटरीची वायर काढू नका. सप्लाय तसाच ठेवून टूलला पुन्हा प्रयत्न करू द्या. बहुतेक ईसीयू टेबलावर जोडून परत आणता येतात, पण ते घाई न करणाऱ्याचे.

९. लॉग काढणं आणि वाचणं

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि सगळं खरं इथेच कळतं. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बाकीच्यांना चांगला ओबीडी अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर फार सावकाश वाचतात, त्यामुळे एका वेळी चार-पाचच आकडे निवडा. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, वेस्टगेट ड्यूटी (टर्बोचा दाब राखणाऱ्या झडपेला ईसीयू किती टक्के जोर लावतोय ते), प्रत्येक सिलिंडरचं नॉक करेक्शन (नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग), लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ म्हणजे आदर्श), इनटेक तापमान, रेल प्रेशर. सगळे बसत नसतील तर दोन-तीन रन करा.

रन डायनोवर करणं उत्तम. रस्त्यावर करायचा तर खालच्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत, शेजारी दुसरा माणूस लॅपटॉप धरून. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे म्हणून तिथे रन मारायची हौस अनेकांना येते. तिथे कारची मर्यादा १२० आहे आणि कॅमेरेही आहेत.

समजा आकडे असे आले: ३,००० आरपीएमला मागितलेला दाब २.० बार, मिळालेला २.०५. ठीक. ५,००० ला मागितलेला २.०, मिळालेला १.७५, वेस्टगेट ड्यूटी ९५ टक्के. म्हणजे टर्बो जिवाच्या आकांताने फिरतोय आणि दाब येत नाहीये. आता दुसऱ्या टप्प्यातला स्टॉक लॉग काढा. तिथे त्याच आरपीएमला कमी दाबासाठीही ड्यूटी ८० च्या घरात असेल तर गळती किंवा वेस्टगेटचा दोष आधीपासूनचा. ड्यूटी तिथे ५०-५५ असेल तर मॅप टर्बोच्या ताकदीबाहेर मागतोय. वरच्या आरपीएमला मागणी उतरवायला सांगा.

नॉकचं वाचन असंच करायचं. तिसऱ्या सिलिंडरवर उणे ४.५ अंश आणि बाकीच्यांवर उणे १ असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका. त्या एका सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा. प्लग-कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. दोष सरकला तर भाग सापडला. सगळ्या सिलिंडरवर मिळून उणे ३-४ येत असेल तर इंधन, उष्णता किंवा मॅपचं टायमिंग, आणि फाइल परत पाठवायची. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा साधारण ०.८० ते ०.८८ मध्ये असावा. १ च्या जवळ राहिला तर रन तिथेच सोडा. पेट्रोल गाडीत रेल प्रेशर मागितलेलं २०० बार आणि मिळालेलं १६५ असं दिसलं तर पंप कमी पडतोय.

डिझेलमध्ये लॉगइतकाच आरसा बघा. पूर्ण थ्रॉटलला मागे काळा धूर उठत असेल तर जळत नाही इतकं इंधन ओतलंय. तो धूर म्हणजे ताकद नाही, वाया गेलेलं डिझेल आणि भरत चाललेला डीपीएफ.

मग उष्णतेची परीक्षा: दुपारी दोनच्या सुमाराला, एसी चालू ठेवून, गर्दीत वीस मिनिटं चालवा आणि लगेच मोकळ्या रस्त्यावर एक रन घ्या. सकाळच्या थंड हवेतला सुंदर लॉग ट्यूनरला पाठवून स्वतःची फसवणूक करू नका. मॅप हिवाळ्यात टाकला असेल तर एप्रिलमध्ये हा लॉग पुन्हा घ्यायचाच, आणि ती सुधारणा आधीच ठरलेल्या पैशांत बसते का हे सातव्या टप्प्यात बोलून ठेवा.

१०. नंतरची देखभाल

पहिली टाकी संपेपर्यंत पूर्ण थ्रॉटल जपून, आठवड्याने कोड पुन्हा बघा. ऑइल कंपनीच्या मुदतीच्या अर्ध्यावर बदला, प्लगही निम्म्या अंतरावर. एअर फिल्टर पेरणीच्या आणि काढणीच्या हंगामात दर सर्व्हिसची वाट न बघता उघडून झटका. लांब पल्ल्यानंतर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना जॉब कार्डवर लिहून घ्या की सॉफ्टवेअर अपडेट विचारल्याशिवाय करू नये. तिथल्या अपडेटने तुमचा मॅप पुसला जातो, आणि कधी कधी ईसीयूची आवृत्ती इतकी बदलते की जुनी फाइल त्यावर चालतच नाही. असं झालं तर जुनी फाइल जबरदस्तीने टाकायला लावू नका. नवा सॉफ्टवेअर नंबर ट्यूनरला पाठवा, त्यावर नवी फाइल बनवून घ्या. गाडी विकताना मूळ फाइल परत टाका, आणि घेणाऱ्याला मॅप होता हे सांगा. त्याच्या मेकॅनिकच्या स्कॅनरला फ्लॅशची मोजणी तशीही दिसू शकते.